वासरांच्या कातडीचे व केसांचे आनुवंशिक विकार : ओळख आणि प्रतिबंध

गाय व्याली की घरातील माणसे प्रथम दोन गोष्टी पाहतात. पाडी झाली की गोऱ्हा, आणि वासरू उठून उभे राहते की नाही. क्वचित मात्र तिसरीच गोष्ट नजरेस पडते. वासराच्या अंगावर केसच नसतात, किंवा गाईने चाटताच नाकपुडीवरची व खुराजवळची कातडी सोलून निघते. कधी वासरू जन्मतः धडधाकट असते, पण दीड-दोन महिन्यांचे होताच त्याच्या तोंडाभोवती व डोळ्यांभोवती खपल्या धरतात, केस झडतात, हगवण लागते आणि औषधपाणी करूनही ते दगावते.

अशा वेळी कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी ग्रहणात गाभण गाय उघड्यावर राहिली म्हणतो, तर कोणी कडब्याला दोष देतो. पुढच्या वेतात त्याच वळूपासून पुन्हा तसेच वासरू झाले की गाय अपशकुनी ठरते आणि तिला बाजार दाखविला जातो. ज्या वळूकडून निम्मा दोष आला तो मात्र गावातच राहतो आणि इतरांच्या गाई फळवीत राहतो. नुकसान अशा रीतीने एका गोठ्यातून दहा गोठ्यांत जाते.

हे विकार रोजच्या पाहण्यातील नाहीत. परंतु संकरित गाईंची संख्या वाढलेली असताना आणि एकाच वळूचे रेत हजारो गाईंपर्यंत पोहोचत असताना ते कसे उतरतात हे प्रत्येक दुग्धव्यावसायिकास माहीत असणे जरुरीचे आहे. प्रस्तुत लेखात या विकारांमागील शास्त्र, त्यांची लक्षणे व गोठ्यात घ्यावयाची काळजी यांची माहिती दिली आहे.

बियाण्याच्या उदाहरणावरून आनुवंशिकता

हा विषय पिकाच्या उदाहरणाने लवकर समजतो. संकरित ज्वारीचे बी विकत आणून पेरले तर शेतातील सर्व ताटे जवळजवळ एकसारखी येतात. त्याच पिकाचे बी राखून पुढील हंगामात पेरले तर काही ताटे उंच, काही ठेंगणी, काही उशिरा निसवणारी निघतात. हे गुण पहिल्या वर्षी कोठे गेले होते? ते तेव्हाही बियाण्यात होतेच, फक्त झाकलेले होते. मेंडेल या शास्त्रज्ञाने वाटाण्यावर प्रयोग करून हा नियम १८६६ साली प्रसिद्ध केला. उंच व बुटक्या वाटाण्याच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच आली. दुसऱ्या पिढीत मात्र दर चार झाडांत सुमारे तीन उंच व एक बुटके असे प्रमाण पडले.

जनावरांतही हाच नियम लागू होतो. गाईच्या शरीरातील पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या, म्हणजे ६० गुणसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व दुसरे बापाकडून येते. गुणसूत्रांवर जनुके असतात. जनुक म्हणजे शरीराने एखादे प्रथिन कसे तयार करावे याची सूचना होय. आईकडून एक व बापाकडून एक अशा प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती वासरास मिळतात.

केस, खुरे व कातडीचा वरचा थर केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कातडीचा आतील चिवट थर कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. हे दोन थर एकमेकांस घट्ट धरून ठेवणारी प्रथिने निराळी, आतड्यातून जस्त शोषून घेणारे प्रथिन निराळे. यापैकी एखाद्या प्रथिनाची सूचना बिघडली तर त्याचा परिणाम कातडीवर दिसतो.

सुप्त दोषाचे गणित

कातडीचे बहुतेक गंभीर विकार सुप्त जनुकामुळे होतात. सुप्त म्हणजे एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवून नेते व जनावर पूर्ण निरोगी दिसते. अशा जनावरास वाहक म्हणतात. वाहक गाय वा वळू केवळ पाहून ओळखता येत नाही. तो दिसायला उमदा, अंगाने भरलेला व आईच्या दुधाने नावाजलेलाही असू शकतो.

निरोगी जनुकास 'न' व सदोष जनुकास 'द' मानू. वाहक वळू 'नद' आणि वाहक गाय 'नद' यांचे मीलन झाल्यास होणाऱ्या वासरांत पुढीलप्रमाणे शक्यता असतात.

१) चारांत एक 'नन' : निरोगी, दोषमुक्त.
२) चारांत दोन 'नद' : निरोगी दिसणारी, पण वाहक.
३) चारांत एक 'दद' : विकारग्रस्त.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, एक वासरू विकारी निघाले म्हणजे पुढची तीन आपोआप चांगली निघतील. तसे नाही. प्रत्येक वेतास चारांत एक ही शक्यता नव्याने लागू होते. दुसरा गैरसमज असा की, दोष गाईचाच. सुप्त विकाराचे वासरू जन्मले याचा अर्थ आई व बाप दोघेही वाहक आहेत. वासराला एक सदोष प्रत आईने दिली तशी दुसरी बापाने दिली. एकट्या गाईस जबाबदार धरणे शास्त्रास धरून नाही.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. अशा जोडीच्या निरोगी दिसणाऱ्या तीन वासरांत सरासरीने दोन वाहक असतात. म्हणून विकारी वासराचा निरोगी सख्खा भाऊ वळू म्हणून राखणे धोक्याचे असते.

वळू आपल्याच लेकींवर आल्यास

सदोष जनुक सर्वसाधारणपणे दुर्मीळ असते. समजा, एखाद्या भागातील १०० जनावरांपैकी ५ वाहक आहेत. नातेसंबंध नसलेल्या गाय-वळूचे मीलन होत राहिले तर दोघेही वाहक असण्याची व त्यातून विकारी वासरू होण्याची शक्यता १,६०० वासरांत एक इतकी अल्प असते. पाच टक्के गुणिले पाच टक्के गुणिले एक चतुर्थांश, असा हा हिशेब आहे. एवढ्या वासरांत एखादे दगावले तर त्याची चर्चाही होत नाही.

आता गावातील नेहमीचे चित्र पाहू. सोयीसाठी एक संकरित गोऱ्हा वळू म्हणून राखला जातो. तो वाहक आहे, हे कोणास ठाऊक नसते. गावातील गाई दोषमुक्त असतील तर त्याची पहिली सर्व वासरे निरोगी दिसतात. "वळू चांगला आहे, वासरे गुटगुटीत होतात" असा त्याचा लौकिक होतो. मात्र त्याच्या निम्म्या कालवडी बापाचे सदोष जनुक घेऊन वाढत असतात. दीड-पावणेदोन वर्षांत त्या माजावर येतात आणि गावात दुसरा वळू नसल्याने त्याच बापाकडून फळतात. या वेळी विकारी वासराची शक्यता आठांत एक होते. कालवड वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तशा मीलनातून विकारी वासराची शक्यता चारांत एक, म्हणून आठांत एक. अशा २४ कालवडी व्यायल्या तर सरासरीने ३ वासरे विकारी निघतील.

एक हजार सहाशेत एक आणि आठांत एक यांतील हा फरक वळू वाहक असणे व नातेसंबंधातील पैदास या दोन्हींमुळे पडतो. वळू आल्यानंतर तीन-सव्वातीन वर्षांनी "गावात काहीतरी साथ आली" असे वाटू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असू शकते. वळू दर दोन ते अडीच वर्षांनी बदलावा ही पशुसंवर्धन खात्याची जुनी शिफारस याचसाठी आहे.

एका वळूचा दोष किती दूर जातो

कृत्रिम रेतनाने चांगल्या वळूचे गुण झपाट्याने पसरतात, तसेच त्याचे दोषही पसरतात. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ऑस्बॉर्नडेल आयव्हन्हो नावाचा होल्स्टीन वळू १९५२ साली जन्मला. त्याचा वंश दुधासाठी व बांध्यासाठी नावाजला गेला व त्याच्या मुला-नातवांचे रेत देशोदेशी गेले. पुढे असे आढळले की, या वंशात 'ब्लॅड' नावाचा सुप्त विकार उतरला आहे. हा विकार कातडीचा नसून रक्तातील पांढऱ्या पेशींचा आहे. त्यातील वासरांना वारंवार संसर्ग होतो, जखमा भरत नाहीत व ती लहानपणीच दगावतात. १९९२ साली या दोषाचे जनुक सापडले, तेव्हा अमेरिकेतील तपासलेल्या सुमारे दोन हजार होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले.

या उदाहरणातील बोध असा की, दोषासाठी कोणीही निवड केली नव्हती. निवड दुधासाठी केली, दोष सोबत आला. चाचणी उपलब्ध होताच वाहक वळू बाजूला काढता आले व विकार आटोक्यात आला. आपल्या देशातील वीर्य केंद्रांसाठी ठरविलेल्या किमान निकषांतही होल्स्टीन व तिच्या संकरित वळूंची ब्लॅडसह ठरावीक आनुवंशिक विकृतींसाठी तपासणी करण्याची तरतूद आहे. घरगुती वळूची अशी कोणतीच तपासणी झालेली नसते. वीर्य केंद्राच्या रेताचा हा फार मोठा फायदा आहे.

कातडी व केसांचे प्रमुख आनुवंशिक विकार

१) आनुवंशिक जस्त-कमतरता : हा विकार होल्स्टीन-फ्रिजियन वंशाच्या काळ्या-पांढऱ्या जनावरांत आढळतो. १९७० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये त्याचा अभ्यास झाला. यात जस्त शोषून घेणारे प्रथिन सदोष असल्याने खाद्यात जस्त असूनही ते वासराच्या अंगी लागत नाही. वासरू जन्मतः निरोगी असते. चार ते आठ आठवड्यांच्या सुमारास हगवण, तोंड, डोळे, कानांची मुळे व पायांचे सांधे येथे जाड खपल्या, केस झडणे व वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. रोगप्रतिकारशक्ती क्षीण होऊन, उपचार न केल्यास, वासरू काही महिन्यांत दगावते. माणसांतही असाच एक विकार असून त्याचे जनुक २००२ साली सापडले. गाईतील त्याच जनुकातील दोष २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. विकार सुप्त आहे.

२) कातडी सोलून निघणे : कातडीचे थर एकमेकांस धरून ठेवणारे एखादे प्रथिन सदोष असल्यास किरकोळ घर्षणानेही फोड येतात व कातडी निघून येते. नाकपुडी, जीभ, हिरड्या, गुडघे व खुरांचा वरचा कडा येथे जखमा होतात, प्रसंगी खूर गळून पडते. हा विकार निरनिराळ्या जातींत निरनिराळ्या जनुकांमुळे होतो. शॅरोले जातीतील एक जनुक २०१५ साली सापडले, ते सुप्त आहे. काही ठिकाणी मात्र तो प्रभावी जनुकामुळेही होतो, त्याविषयी पुढे दिले आहे.

३) ठिसूळ कातडी : बेल्जियममधील गुरांत प्रथम अभ्यासलेल्या या विकारात कातडी कागदासारखी फाटते व जखमा मोठ्या होतात. कोलॅजेन तयार करताना त्याचे एक टोक छाटून टाकणारे वितंचक यात नसते, त्यामुळे कोलॅजेनचे धागे नीट विणले जात नाहीत. १९९९ साली त्या जनुकातील दोष निश्चित झाला. विकार सुप्त आहे.

४) खवल्यांची कातडी : वासरू जन्मतःच जाड, कडक, भेगाळलेल्या पापुद्र्यांनी झाकलेले असते व थोड्याच दिवसांत दगावते. इटलीतील कियानिना जातीत याचे जनुक २००८ साली सापडले. विकार सुप्त आहे.

५) केस, दात व घामग्रंथींचा विकार : यात अंगावर केस विरळ, बरेच दात नसलेले व घामग्रंथी अपुऱ्या असतात. घाम येत नसल्याने अशा वासरास उष्णता सहन होत नाही. जर्मनीतील होल्स्टीन वासरांत या विकाराचे जनुक २००१ साली सापडले. ते लिंग गुणसूत्रावर असल्याने विकार प्रामुख्याने गोऱ्ह्यांत दिसतो.

६) प्रकाश सहन न होणे : होल्स्टीनमध्ये आढळणाऱ्या पोर्फिरिया या सुप्त विकारात रक्तातील लाल द्रव्य तयार होताना अडथळा येतो. दात गुलाबी-तपकिरी, लघवी लालसर-तपकिरी व उन्हात गेल्यास पांढऱ्या भागावरची कातडी भाजल्यासारखी होते.

प्रभावी जनुकाची उदाहरणे

प्रभावी जनुकाची एकच सदोष प्रत विकार घडवून आणते. असा विकार झाकला जात नाही. बाधित वळूच्या सरासरी निम्म्या वासरांत तो लगेच दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त करणे तुलनेने सोपे असते. तरीही निसर्ग कधीकधी चकवा देतो. न्यूझीलंडमध्ये एका निरोगी दिसणाऱ्या वळूच्या काही वासरांत कातडी सोलून निघण्याचा विकार दिसला. तपासणीअंती २००५ साली असे प्रसिद्ध झाले की, केराटिनच्या एका जनुकातील नवा बदल त्या वळूच्या शरीरातील काही पेशींतच होता, सर्व पेशींत नव्हता. एखाद्या झाडाची एकच फांदी निराळी फळे देते, तसाच हा प्रकार. वळू स्वतः निरोगी राहिला, पण त्याच्या वीर्यातील काही पेशी हा दोष घेऊन गेल्या. त्यामुळे 'वळू चांगला दिसतो' एवढे पुरेसे नसते. त्याची वासरे कशी निघाली, हीच त्याची खरी परीक्षा होय.

दुसरे उदाहरणही न्यूझीलंडमधीलच आहे. एका वळूच्या अनेक मुलींना दाट, लांब केस आले. त्यांना उन्हाळा सोसेना व दूधही नीट येईना. २०१४ साली त्याचे कारण प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या जनुकातील बदल असल्याचे सिद्ध झाले. प्रोलॅक्टिनचा दुधाशी संबंध आपणास माहीत आहेच. केसांच्या वाढीशीही त्याचा संबंध आहे, हे या विकाराने दाखवून दिले.

केसांचे प्रत्येक वेगळेपण हा विकार नसतो

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उजेडात आली. कॅरिबियन बेटांतील सेनेपॉल जातीच्या गाईंना अतिशय आखूड, चकचकीत केस असतात व त्या उष्णतेत चांगल्या तग धरतात. हा गुण प्रोलॅक्टिनला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील बदलामुळे येतो व तो प्रभावी आहे. संकराने हा गुण होल्स्टीनमध्ये आणला असता अशा गाईंचे शरीर-तापमान उन्हाळ्यात कमी राहते, असे आढळले आहे. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुक-संपादनाने हा गुण दिलेल्या मांसासाठीच्या गुरांना कमी जोखमीचे ठरविले.

आपल्या देशी गाईंकडे आखूड, तुळतुळीत केस व सैल कातडी हे गुण पूर्वापार आहेत. डांगी गुरांची तेलकट कातडी सह्याद्रीच्या मुसळधार पावसात त्यांना उपयोगी पडते. संकर करताना दुधाबरोबर कातडीचे हे गुणही मोलाचे आहेत, याचा विसर पडू नये.

प्रत्येक केसगळती आनुवंशिक नसते

आनुवंशिक विकाराचा संशय घेण्यापूर्वी नेहमीची कारणे तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण गोठ्यात तीच अधिक आढळतात.

१) गजकर्ण : गोल, राखाडी पापुद्र्यांचे चट्टे. एकाकडून दुसऱ्यास व माणसासही लागण होते.
२) खरूज, उवा व गोचीड : खाज असते, जनावर अंग घासते.
३) लाळ्या-खुरकूत : तोंडात व खुरांत फोड येतात, पण ताप असतो व अनेक जनावरांत एकदम लागण होते. कातडी सोलण्याचा आनुवंशिक विकार एखाद्याच वासरात व जन्मापासून किंवा जन्मानंतर लगेच दिसतो.
४) लम्पी त्वचा रोग : २०२२ साली आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या या विषाणुजन्य रोगात ताप व अंगभर घट्ट गाठी येतात.
५) घाणेरीची विषबाधा : घाणेरीचा पाला खाण्यात आल्यास यकृत बिघडून पांढऱ्या कातडीवर उन्हाने जखमा होतात. हे पोर्फिरियासारखे भासते, पण चरणाऱ्या कोणत्याही जनावरास होऊ शकते.
६) खाद्यातील जस्ताची कमतरता : चारा-खाद्यात जस्त कमी किंवा चुन्याचे प्रमाण फार जास्त असल्यास खपल्या धरतात. अनेक जनावरांत लक्षणे दिसतात व खनिज मिश्रण सुरू करताच ती जातात.
७) गाभणपणातील कारणे : गाभण गाईस आयोडीन कमी पडल्यास वासरू बिनकेसाचे व गळ्याजवळ गाठ घेऊन जन्मू शकते. काही विषाणूंच्या लागणीमुळेही केस विरळ असलेली वासरे जन्मतात.

पुढील गोष्टी एकत्र आढळल्यास मात्र आनुवंशिकतेचा संशय घ्यावा : विकार जन्मतः किंवा ठरावीक वयात दिसणे, सोबतची इतर वासरे निरोगी असणे, नेहमीच्या उपचारास दाद न मिळणे, आणि त्याच वळूच्या दुसऱ्या गोठ्यातील वासरांतही तसेच आढळणे.

जस्ताचा उपचार आणि एक कठीण निर्णय

वर दिलेल्या विकारांपैकी बहुतेकांवर उपाय नाही. आनुवंशिक जस्त-कमतरता याला अपवाद आहे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तोंडावाटे जादा जस्त दिल्यास काही दिवसांतच हगवण थांबते व काही आठवड्यांत खपल्या गळून नवे केस येतात. मात्र जस्त बंद केले की लक्षणे परत येतात, म्हणून ते जन्मभर द्यावे लागते. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये. जादा जस्त विषारी ठरते व शरीरातील तांब्याचे शोषण कमी करते. जस्ताने गुण न येणारा, पण अगदी असाच दिसणारा दुसरा आनुवंशिक विकार फ्लेकव्ही जातीत २०१४ साली नोंदविला गेला आहे. म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

खरा प्रश्न पुढे येतो. जस्तावर वाढलेली पाडी तजेलदार दिसते. दोन वर्षांची मेहनत व खर्च झालेला असतो आणि दुधाची आशा असते. ती व्याली तर तिचे प्रत्येक वासरू, झाडून सारे, सदोष जनुकाचे वाहक असेल, कारण तिच्याजवळ देण्यासाठी दुसरी प्रतच नाही. दूध मिळविण्यासाठी तिला फळविण्याचे ठरविलेच तर तिचा एकही गोऱ्हा वळू म्हणून राखू नये. तिच्या पाड्या विकताना घेणाऱ्यास तशी कल्पना द्यावी. आपला तोटा झाकून शेजाऱ्याच्या दावणीला बांधणे योग्य नव्हे.

वाहक गाईचे काय करावे

ज्या कुटुंबाचा संसार एक-दोन गाईंवर चालतो, त्यास गाय काढून टाका असे सांगणे सोपे आहे, पालन करणे अवघड. सुदैवाने त्याची गरजही नाही. वाहक गाय स्वतः निरोगी असते, तिचे दूध निर्दोष असते. तिला नात्यात नसलेल्या व शक्यतो दुसऱ्या वंशावळीच्या वळूचे रेत भरल्यास विकारी वासरू होण्याची शक्यता फारच कमी होते. तिच्या पोटचे निम्मे वासरे वाहक असतील हे लक्षात ठेवून गोऱ्हे पैदाशीसाठी राखू नयेत. एवढी खबरदारी घेतल्यास गाय विकण्याचे कारण नाही. बदलायचा आहे तो वळू.

वळूचे मात्र तसे नाही. गाय वर्षाला एक वासरू देते, तर वळू शेकडो. विकारी वासराचा बाप ठरलेला घरगुती वळू ताबडतोब पैदाशीतून काढावा व पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावा. खच्ची केल्यावर तो शेतीकामास उपयोगी पडतोच.

पूर्वी, जनुक-चाचण्या नव्हत्या तेव्हा, वळू दोषमुक्त आहे हे ठरविण्यासाठी त्यास ज्ञात वाहक गाईंवर सोडीत. अशा १६ गाईंची सर्व वासरे निरोगी निघाली तरच वळू ९९ टक्के खात्रीने दोषमुक्त मानता येतो. वळूच्या स्वतःच्या लेकींवर परीक्षा घ्यायची तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ३५ लेकींची प्रत्येकी एक याप्रमाणे निरोगी वासरे लागतात. 'माझ्या वळूची चार वासरे चांगली निघाली' हा पुरावा किती अपुरा आहे, हे यावरून कळेल. आज रक्ताच्या किंवा शेपटीच्या मुळासकट उपटलेल्या केसांच्या नमुन्यावरून ज्ञात दोषांची तपासणी प्रयोगशाळेत होऊ शकते.

गोठ्यात घ्यावयाची काळजी

१) प्रत्येक रेतनाची नोंद ठेवावी. रेतकांडीवर वळूचा क्रमांक, जात व वीर्य केंद्राचे नाव छापलेले असते. कांडी फेकण्यापूर्वी हा क्रमांक नोंदवहीत उतरवून घ्यावा.

२) वासराच्या कानात बिल्ला मारताच त्याचा बारा अंकी क्रमांक आई व बापाच्या क्रमांकासमोर लिहावा.

३) कालवड माजावर आल्यावर प्रथम तिच्या बापाचा क्रमांक पाहावा. त्याच वळूचे किंवा त्याच्या भावाचे रेत भरू नये. याची आठवण रेतन करणाऱ्यास आपणच करून द्यावी.

४) गावात वळू ठेवल्यास तो दर दोन ते अडीच वर्षांनी बदलावा व दूरच्या गावाशी अदलाबदल करावी. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूसही हा नियम लागू आहे.

५) जातिवंत नसलेले व फिरस्ते गोऱ्हे वेळीच खच्ची करून घ्यावेत.

६) विचित्र कातडीचे किंवा बिनकेसाचे वासरू जन्मल्यास ते गुपचूप पुरून टाकू नये. त्याची छायाचित्रे घ्यावीत व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. रक्त, कातडीचा तुकडा व केस यांचे नमुने वेळेत घेतले तरच निदान होते.

७) अशा प्रकरणी पशुवैद्यकामार्फत महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर व नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे मार्गदर्शन घेता येते.

८) रेत वीर्य केंद्राचे असल्यास वळूचा क्रमांक देऊन केंद्रास लेखी कळवावे. एका शेतकऱ्याची तक्रार योगायोग वाटू शकते, चार गावांतून एकाच क्रमांकाची तक्रार आली तर वळूची तपासणी करणे भाग पडते.

९) गाभण गाईस खनिज मिश्रण नियमित द्यावे. त्याने आनुवंशिक विकार टळत नाहीत, परंतु कमतरतेमुळे होणारे तसलेच दिसणारे विकार टळतात व निदान सोपे होते.

समारोप

आनुवंशिक दोष लस टोचून किंवा गोठा धुऊन जात नाहीत. ते पुढच्या पिढीत जाऊ न देणे हाच त्यांवरील उपाय आहे आणि तो शेतकऱ्याच्याच हाती आहे. बियाण्याची पिशवी घेताना आपण वाण, गट क्रमांक व तपासणीची चिठ्ठी पाहतो. गाय भरवितानाही तेवढीच चौकसपणे वळूचा क्रमांक पाहावा. एका साध्या नोंदवहीस फार खर्च येत नाही, परंतु नोंद नसल्यास एक वाहक वळू सबंध गावाच्या गाईंची पुढील पिढी बिघडवू शकतो. पुढच्या खेपेस गोठ्यात असे वासरू जन्मल्यास गाईला बाजार दाखविण्यापूर्वी नोंदवही उघडावी आणि त्याचा बाप कोण, हे प्रथम पाहावे.